आशाताईचं ठरलेलं बाळंतपण

हसा! हसून घ्या! गरोदर बाईनं हसावं, पोटातल्या लेकराला बरं वाटतं, हे मीच शिकवलंय तुम्हाला… पण तुम्ही लेकरासाठी न्हाई हसून राह्यल्या, तुम्ही आमच्या म्हशीला हसून राह्यल्या, समजतं मला! सव्वा महिन्यानं आज अंगणवाडीत पाय ठेवला, मांडीवर ही एवढीशी पोरगी, पोटाला टाके, आन् मी टेकत न्हाई तर पहिला सवाल काय, "ताई, म्हैस कशी हाय?" अगं, बाळंतीण मी! टाके मला पडले! म्हशीला काय झालंय, ती खाऊनपिऊन मजेत हाय! आन् हसीनाआपा, तुम्ही तर पदर तोंडात कोंबून बिलकुल हसू नका, तुम्ही तिथं होत्या, तुम्ही साक्षीदार हाव…

आता विचारलंच तर ऐका, म्हणजे गावात चार चार तऱ्हेनं सांगून राह्यले लोकं ते तरी बंद होईल. तुम्हाला सांगते, आठ वर्षं झाली मला सरकारी दवाखान्याची आशा वर्कर होऊन. राजूरच्या ह्या वस्तीतल्या दोनशे अकरा बायांच्या बाळंतपणाला सोबत गेले मी. दोनशे अकरा! आन् माझ्या लग्नाला नऊ वर्षं, पण माझी कूस रिकामी. तोंडावर कुणी बोलत न्हाई, पाठीमागं बोलायचे, "लोकाचे पाळणे हलवती, सोताच्या घरात दोरी न्हाई." ऐकलंय मी. ऐकून न ऐकल्यासारखं केलं, घरी जाऊन रडले, दुसऱ्या दिवशी पुन्हा लसीची पेटी घेऊन तुमच्या दारात. मंग नवव्या वर्षी दिवस राह्यले. त्याच दिवशी मी ठरवलं, बाळंतपण नॉर्मल, आन् आपल्याच आरोग्य केंद्रात! ज्या टेबलावर तुमचे हात धरून मी ओरडले, "दम धर गं, झालं, झालं," त्याच टेबलावर. तुम्हाला शिकवलेलं सगळं सोता करून दाखवायचं. ठरलं म्हंजी ठरलं!

आईचा फोन आला आष्टीहून. "पहिलं बाळंतपण माहेरीच करतेत, आकांक्षा, लोकं काय म्हणतील, आईला लेक जड झाली का?" म्हणलं, आई, लोकं जे म्हणायचं ते म्हणून चुकले, तू डिंकाचे लाडू घेऊन इकडं ये. तर तिकडून डबे काढल्याचा आवाज. मंग बारीक आवाजात, "खोबरं किती घालू?" म्हंजी आई पटली. आई पटली, सिस्टर पटल्या, सोनोग्राफी पटली, लेकराचं डोकं खाली, वजन बराबर, माझं रक्त बारा! बारा, बायांनो! तुमच्यातल्या कितीजणींचं बारा हाय? खाली पाहू नका, रक्तवाढीच्या गोळ्या गादीखाली लपवता ते म्हायतीये मला.

आन् तयारी? विचारूच नका! सकाळी उकिडवं बसून अंगण झाडायचं, दुपारी तळवे जोडून गुडघे फडफडवायचे, संध्याकाळी गणपतीच्या मंदिरापर्यंत पायी जायचं आन् यायचं. श्वासाचा सराव… नाकानं आत, तोंडानं बाहेर, लांब… लांब… आमच्या सासूबाई, सोनूबाई, चार लेकरं जनलेली बाई, दारात कंबरेवर हात ठेवून पाहायच्या. "आगं, श्वास बी शिकावा लागतोय का आता? आमाला कोनी शिकिवला? मी कल्यानच्या येळंला ज्वारीचं निंदन करून आले, भाकरी थापल्या, आन् तिसऱ्या भाकरीला ह्यो!" हे म्हणजे आमचे मालक, कल्याण. पिठाची गिरणी हाय त्यांची. त्यांना मी कंबर चोळायला शिकवलं, कळ आली की बुडाशी तळहातानं दाबायचं, असं. तर हा माणूस दिवसभर पोती उचलणारा, त्यानं पहिल्याच दिवशी अशी दाबली, अशी दाबली, की मी भिंतीला धरून उभी! म्हणलं, मालक, लेकरू खालून काढायचंय, पुढून न्हाई! पण शिकले. घड्याळ लावून कळा मोजायला शिकले. माझा नवरा, ज्याला घरातली साखर कुठं ठेवतेत ते ठाऊक न्हाई, तो मला विचारायचा, "आता श्वास आत का बाहेर?" कागदावर लिहून भिंतीला लावलं मी सगळं, कळ सुरू झाली की काय, पाणी गेलं की काय, कोण सोबत, कोण घरी. ठरलं म्हंजी ठरलं!

आता त्या कागदावर सगळं होतं, एक सोडून. पंचांग पाह्यलं न्हाई मी! कळा सुरू झाल्या त्या चतुर्थीला. चतुर्थीला राजुरात काय असतंय ते तुम्हाला सांगायला पाहिजे का? रस्त्यावर मुंगीला जागा न्हाई, इकडून दूर्वावाले, तिकडून पेढेवाले, मधी गाड्या, जालन्याहून, भोकरदनहून, कुठून कुठून… त्या गर्दीतून मी सकाळी साताला कंबर धरून आरोग्य केंद्रात चालत गेले. चालत! लोकं म्हणाले, नवसाची दिसती, रस्ता द्या.

सुरुवात एकदम झकास झाली. कळ आली की श्वास, गेली की फेरी. मालक बराबर चोळून राह्यले. नवाला ह्या हसीनाआपा आल्या खजूर घेऊन, आन् माझंच भाषण मला! "ताई, लंबी सांस लेव. घबराव नक्को. तुमीच तो बोले थे, दर्द आता सो बच्चा नीचे सरकता." मी म्हणलं, आपा, चुप बसा. तर म्हणे, "तुमीच बोले थे, औरत गुस्सा करी तो समझना टैम नजदीक है." तवा मला कळलं, बायांनो, तुम्हा सगळ्यांना मी त्या वेळेला किती नकोशी झाले असेन! माफ करा. खरंच माफ करा.

पण टाईम काही नजदीक येईना. सिस्टरनं तपासलं दहाला, पिशवीचं तोंड तीनच बोटं उघडलेलं. बाराला तपासलं, तीन बोटं. दीडला, तीन बोटं! कळा तर अशा की डोळ्यापुढं काजवे, आन् पुढं काहीच सरकून न्हाई राह्यलं. सिस्टर माझ्याजवळ बसल्या, हात हातात घेतला, आन् मला त्या हातावरूनच समजलं, कारण तसा हात मी चाळीस बायांचा धरलाय. "आकांक्षा, जालन्याला जाऊ." म्हणलं, न्हाई. इथंच. थोडा टाईम द्या. सिस्टर म्हणाल्या, "तू दुसऱ्या बाईला काय सांगितलं असतं?" उत्तर म्हायती असलेला सवाल लई वंगाळ. बरं, म्हणलं, जालना तर जालना, पण नॉर्मलच. गाव बदललं, बाकी ठरलं म्हंजी ठरलं!

आता इकडं हे चालू, तिकडं घरी काय चालू होतं ते ऐका. तुमच्या घरी करतेत का न्हाई ते तुम्ही सांगा… बाई अडली की घरातली कुलपं उघडायची, गाठी सोडायच्या. जे जे बांधलेलं ते मोकळं, की बाई मोकळी. करतेत ना? माना हलवून राह्यल्या, म्हंजी करतेत! हसीनाआपा, तुमच्यात बी? बघा, सगळ्यांत हाय! तर दीडला मालकांनी घरी फोन केला, "अजून तीनच बोटं हाय." झालं! सासूबाईंनी फोन ठेवला आन् कामाला लागल्या. कपाट उघडं, पेटी उघडी, डाळीचे डबे उघडे, लोणच्याच्या बरणीचं फडकं सोडलेलं, शेजारणीच्या वेण्या सोडलेल्या, सासरे तातेराव ओट्यावर बसले होते त्यांना म्हणल्या, "कंबरेचा करगोटा सोडा!" ते म्हणाले, "अगं, म्हाताऱ्या माणसाच्या करगोट्याचा आन् सुनबाईच्या बाळंतपणाचा काय संबंध?" "सोडा म्हन्ते ना!" सोडला बिचाऱ्यांनी, धोतराच्या गाठीसकट. आन् मंग ही बाई गोठ्यात गेली.

तीन शेळ्या, एक म्हैस. चारी दावी सोडली.

आन् तशीच घर उघडं टाकून, केस मोकळे, पिशवी उघडी, आरोग्य केंद्रात आली, आन् अॅम्ब्युलन्समध्ये माझ्या उशाशी बसली. सासरे पुढं ड्रायव्हरजवळ, दोन्ही हातांनी धोतर धरून. मी आडवी, मालक कंबरेशी, हसीनाआपा पायाशी, एक सिस्टर. निघालो. दोनशे पावलं गेलो न्हाई तर गाडी थांबली. भोंगा वाजून राह्यला, ड्रायव्हर ओरडून राह्यला, बाहेर लोकं ओरडून राह्यले, "अरे कुणाची हाय? कुणाची हाय?" मी म्हणलं, काय झालं? ड्रायव्हर म्हणे, "म्हैस हाय ताई, रस्त्यात आडवी उभीये, शेळ्यांनी फुलवाल्याच्या दूर्वा खाल्ल्या, तिकडं भांडण चालू हाय." मी मान उचलून काचेतून पाह्यलं… कपाळावर पांढरा टिक्का, डावं शिंग वाकडं. आमची हरणी! आमचीच म्हैस! रस्त्याच्या मधोमध, गळ्यात कुणाचा तरी झेंडूचा हार, रवंथ करीत, एखाद्या पुढाऱ्यावाणी!

मी सासूबाईंकडं पाह्यलं. सासूबाईंनी छताकडं पाह्यलं.

आता ती म्हैस सासूबाईंशिवाय कुणाचं ऐकत न्हाई. उतरल्या. "हरने, चल गं, बाजूला हो गं माय…" ती हलली एक पाऊल, पुन्हा मधी. सासरे उतरले, एका हातानं धोतर, दुसऱ्या हातात उपरणं, म्हणाले, "हे गळ्यात बांधतो आन् ओढून नेतो बाजूला." तर सासूबाई रस्त्यात किंचाळल्या, "गाठ मारायची न्हाई! पोरगी अडलीये! गाठ न्हाई मारायची!" सासरे म्हणाले, "मंग काय हात जोडू म्हशीला?" मला कळ आली, मी आतून बोंबलले, "बांधा! मामंजी, बांधा! चार गाठी मारा!" सिस्टर म्हणाल्या, "आकांक्षा, श्वास घे," हसीनाआपा म्हणाल्या, "लंबी सांस," मालकांना काहीच सुचेना, ते माझी कंबर सोडून सिस्टरची बॅग चोळून राह्यले! मंग चार दर्शनाला आलेले पोरं धावले, दोघांनी शिंगं धरली, दोघांनी मागून रेटली, "मोरया" म्हणून एकदाची म्हैस कडेला. पंधरा मिनिटं गेली. आज हसतेय मी पण त्या पंधरा मिनिटांचा हिशोब अजून मनातून जात न्हाई माझ्या.

सासरे तिथंच राह्यले, म्हैस धरून, शेळ्यांचं भांडण मिटवत. आम्ही जालन्याला.

तिथल्या डॉक्टर मॅडम तरुण, शांत. तपासलं. "आकांक्षाताई, चार बोटं झालीत," म्हणाल्या. मी म्हणलं, पाह्यलं! एक बोट पुढं! सासूबाई दारातून, "हरनीला सोडलं तवाच!" मी म्हणलं, होईल मॅडम, नॉर्मल होईल, मी श्वास शिकलेय, मी उकिडवं बसते, तुम्ही फक्त टाईम द्या. त्या बी म्हणाल्या, "बघू, लेकराचे ठोके चांगले हायेत." अर्धा तास तसाच गेला, मी फेऱ्या मारल्या, मालकांनी चोळली. आन् मंग पाणी गेलं.

हिरवं.

बायांनो, हिरवं पाणी म्हंजी काय, हे ह्या खोलीत कुणी शिकवलं? मी. ह्याच भिंतीवर चित्र लावून शिकवलं. लेकरानं पोटातच शी केली, लेकरू घाबरलंय, पाणी हिरवं दिसलं की एक मिनिट थांबायचं न्हाई, कुणाचं ऐकायचं न्हाई, सासूचं न्हाई, नवऱ्याचं न्हाई. मी शिकवलंय. आन् मॅडमनी यंत्र लावलं, ठोके ऐकले, खाली चालले होते, आन् म्हणाल्या, "ताई, आता सिझर करावं लागेल, लगेच." तर मी काय म्हणले म्हायतीये?

मी म्हणले, "अजून थोडं थांबू की, मॅडम."

मी! आशा! दोनशे अकरा बायांवर ओरडलेली! मला तवा लेकरू दिसत न्हवतं, बायांनो, खरं सांगते, मला तुम्ही दिसत होत्या. ह्या सतरंजीवर बसून तुम्ही म्हणताय, आम्हाला शिकवती आन् सोताचं पोट फाडून आली. नऊ वर्षांनी आलेलं माझं लेकरू आत गुदमरून राह्यलंय आन् मी लोकांच्या तोंडाचा विचार करून राह्यले! लाज वाटती सांगायला, पण सांगते, कारण ही गोष्ट कुठल्या बी कागदावर लिहिलेली न्हाई.

आन् मालक बोलले. जो माणूस घरात सहसा बोलत न्हाई, ज्याचं अर्धं आयुष्य गिरणीच्या आवाजात गेलंय, तो माझ्या तोंडाजवळ वाकला आन् म्हणाला, "भिंतीवरच्या कागदात शेवटची ओळ काय हाय?" मी म्हणलं, कोणती? म्हणे, "तूच लिहिली. मी रोज वाचायचो. 'डॉक्टर म्हणतील तसं.'" मीच लिहिलेली होती ती. बारीक अक्षरात, जागा उरली म्हणून. असं लिहावं लागतं, आमच्या नमुन्यात तसं असतंय, म्हणून लिहिलेली! आन् हा माणूस तीच पाठ करून बसला!

मी मॅडमना म्हणलं, करा. सही कुठं करायची? करा जल्दी. ठरलं म्हंजी ठरलं!

मंग पळापळ. कंबरेत सुई देताना वाकून बसावं लागतं, गुडघे पोटाशी, आन् कळ आली की हलायचं न्हाई. बिलकुल न्हाई! तवा मी नाकानं आत, तोंडानं बाहेर… लांब… लांब… तो सुईवाला डॉक्टर म्हणाला, "बाई, असं शांत बसलेलं पेशंट मी पाह्यलं न्हाई." म्हणलं, डॉक्टरसाहेब, चार महिने शिकलेय, कुठं तरी वापरू द्या! म्हंजी बघा, सराव वाया जात न्हाई. उद्यापासून तुम्ही सगळ्या उकिडवं बसायचं, कुणाला सुट्टी न्हाई!

पुढं हिरवा पडदा. पडद्यापलीकडं कोण तरी माझं पोट पिशवीवाणी धुंडाळून राह्यलंय, दुखत काहीच न्हाई, नुसतं ओढल्यासारखं… आन् मंग आवाज यायला पाहिजे होता तो येईना. मी मोजत होते. दोनशे अकरा वेळा मोजलेत मी ते क्षण, रडणं येईपर्यंतचे. एक. दोन. तीन. तुम्हाला कसं सांगू… सहापर्यंत गेले मी. सहा म्हणलं आन् ही ओरडली! अशी ओरडली, अशी ओरडली, मॅडम म्हणाल्या, "आईवर गेलीये." मी त्या टेबलावर ढसाढसा रडले, हात बांधलेले, नाक पुसायला बी कुणी न्हाई.

गळ्याला नाळेचे दोन वेढे होते. दोन! म्हणून खाली येत न्हवती. मॅडमनी बाहेर जाऊन सांगितलं, तर आमच्या सासूबाईंनी काय करावं? मालकांच्या पाठीत धपाटा! "म्या म्हनत न्हवते? म्या म्हनत न्हवते, एक गाठ कुठं तरी राह्यलीये! सगळं घर सोडलं, गोठा सोडला, पर ती बाई हुशार, तिनं बराबर शोधली!" आन् पिशवीतून काढून मॅडमच्या हातात माझ्या आईनं आधीच धाडलेला डिंकाचा लाडू. मॅडमना काही समजलं न्हाई, पण लाडू खाल्ला त्यांनी. सासरे घरी फोनवर, "लेक झाली? बरं झालं. आता करगोटा बांधू का?"

तर अशी हकीकत हाय. म्हैस बरी हाय, शेळ्या बऱ्या हायेत, फुलवाल्यानं पुन्हा दुकान लावलं. माझे टाके अजून कच्चे हायेत, खोकला आला की उशी धरून खोकते, आन् तुम्ही हसवून राह्यल्या तर दुखतंय. कुणी म्हणलं, आशाताईचं नॉर्मल न्हाई झालं, तर म्हणा, न्हाई झालं. पोरगी झाली. ही बघा, बोट कसं धरलंय. पण तुमच्यातल्या कुणी पाणी हिरवं दिसल्यावर "थोडं थांबू" म्हणलं ना, तर टाके कच्चे असले तरी उठून येईन आन् कानाखाली देईन.

बरं, आता आजचं काम. कार्ड काढा, वजनाला रांग लावा… आगं, हो हो, माझं बी नाव लिहिलंय वहीत, दोनशे बारा नंबर, कुणाला सूट असती का? काल रात्रीपासून माझ्याच बाळंतपणाच्या नोंदीचा नमुना घेऊन बसलेय मी. बाळंतपण कुठं, तर जालना. कसं, तर सिझर. लेकरू, तर मुलगी, दोन किलो आठशे. सगळं भरलं. शेवटी एक रकाना राह्यला, पाच मिनिटं पेन तोंडात धरून बसले. "प्रसूतीच्या वेळी आशा हजर होती का?"

लिहिलं शेवटी. होती. काही उपयोग झाला न्हाई, पण होती.